फोनला न ओळखता आलेलं झाड

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिने माहेरच्या अंगणातल्या एका झाडाचा गड्डा ओल्या फडक्यात बांधून मला दिला. सासरी, मस्तगड भागातल्या आमच्या गच्चीवर मी तो कुंडीत लावला. फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. फिकट हिरवी, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग. नाव आईलाही ठाऊक नव्हतं. "दिवे लागले की पानं मिटून उभी राह्यतात बघ," एवढंच ती म्हणाली होती.

यंदा जावेचं बाळ रांगायला लागलं आणि दिरांनी झाडाचं नाव शोधायला फोनवर त्याचा फोटो काढला. "वहिनी, फोन डायफेनबाकिया दाखवून राह्यला. विषारी हाय."

"फेकून दे आजच्या आज," सासूबाई म्हणाल्या. "लेकराच्या तोंडात पान गेलं मंग?"

बाळ माझंही लाडकं आहे. झाड विषारी असतं तर मीच उपटलं असतं. पण डायफेनबाकिया मी बँकेत पाहिलाय. त्याचं खोड जाडजूड आणि पानं चोवीस तास तशीच. आईची एवढी एकच वस्तू माझ्याकडे, आणि ती एका फोटोवरून उकिरड्यात जाणार? संतापाने मला रडूच आलं. वीस वर्षांत उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "दिवेलागणीपर्यंत कुंडीला कुणी हात लावायचा न्हाई!" आणि पाट टाकून गच्चीवर कुंडीपाशीच बसले.

आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर झाडाला शिवत नाहीत; झाडं झोपतात म्हणतात. त्यामुळे त्या वेळी गच्चीवर कुणी फिरकत नसे, आणि ती पानं मिटलेली घरात दुसऱ्या कुणी पाहिलीच नव्हती. दिवे लागल्यावर मी दीर आणि सासूबाई दोघांना वर बोलावलं. एकेक पान उभं राहून मिटलं होतं, जांभळी पाठ बाहेर.

दीर कुंडी उचलायला वाकले. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"झोपलंय ते. दिसत न्हाई का तुला?"

"मंग सकाळी फेकू?"

"सकाळी आधी रोपवाटिकेत विचारू," मी म्हणाले.

सकाळी पिशवीत एक पान घेऊन मी स्वतः गेले. तिथल्या माळ्याने ते उलटं करून पाहिलं. "मरांटा हाय. विषारी बिलकुल न्हाई, ताई."

परतताना पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणली आणि कुंडीवर ठळक अक्षरांत लिहिलं: मरांटा. खाली लिहिलं: माझ्या आईचा.

मग दिरांना हाक मारली. "भाऊजी, या. काढा आता फोटो."