तिरक्या अक्षरांचं घड्याळ

माझ्या साखरपुड्यात वडिलांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून नवऱ्या मुलाच्या मनगटावर बांधलं. जावयाला घड्याळ द्यायची आमच्याकडे रीत. दिंद्रुडला आमचं छोटं कापडदुकान. याहून भारी वस्तू वडिलांकडे नव्हती. तरुणपणी हैदराबादहून आणलेलं परदेशी घड्याळ. पातळ, पांढऱ्या डायलचं, कंपनीचं नाव बारीक तिरक्या अक्षरांत.

मुलाचे मामा बीडचे. बाजार नुकता खुला झाला होता आणि मामांकडे गुळगुळीत कागदाची मासिकं येऊ लागली होती. त्यांनी त्याच कंपनीची जाहिरात सगळ्यांसमोर धरली. तिच्यातलं घड्याळ सोनेरी, जाडजूड, नाव ठळक सरळ अक्षरांत, वर उठावाचं चिन्ह.

"हे नकली हाय," म्हणत मामांनी घड्याळ भाच्याच्या हातातून काढून परत केलं.

डायल रंगवून, त्यावर नवं चिन्ह रेखून आणतो, असं वडील खालमानेनं म्हणाले. कापड मोजताना बोटभरही खोट न करणारा माझा बाप! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांच्यासोबत बीडला गेले. घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं. आत कंपनीचं नाव कोरलेलं होतं. ही कंपनी गिऱ्हाईक बघून दर काही वर्षांनी रूप पालटते, असं त्यानं सांगितलं. मग कुंचला उचलून म्हणाला, "आत्ता खरं हाय. मी रंगवलं की नकली व्हईल. बोला, काय करू?"

मी घड्याळ उचलून माझ्या मनगटावर बांधलं आणि मुलाकडे निरोप धाडला, घड्याळ हेच राहील, पटत नसेल तर सोयरीक मोडा. आठ दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. नवव्या दिवशी मुलगा एकटाच एसटीनं आला आणि घड्याळ बांधून घ्यायला वडिलांपुढे मनगट पुढे करून बसला.

लग्नाला बारा वर्षं झाली तेव्हा कंपनीनं जुनं रूप परत आणलं. पातळ घड्याळ, पांढरं डायल, तिरकी अक्षरं, आणि किंमत डोळे फिरवणारी. जाहिरातीचं कात्रण घेऊन मामा आमच्या घरी आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. जावयासाठी आमचं घड्याळ मिळेल का, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं.

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मामा," मी म्हणाले, "ते नकली हाय."