शेवंतीचं पोट

आमच्या घराण्याने तीन पिढ्या पंचक्रोशीतली जनावरं बरी केली. घरची म्हैस एकच होती, ती मी घालवली.

आजोबा झाडपाल्याचं औषध द्यायचे. बाबा सरकारी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर साकोलीजवळच्या आमच्या गावी त्यांनी घराच्या ओसरीवरच दवाखाना मांडला. त्यांची पद्धत ठरलेली. जनावर आलं की त्याच्यासमोर पाट टाकून बसायचं, पान लावायचं आणि अर्धा तास नुसतं पाहायचं. ते उभं कसं राहतं, रवंथ कसं करतं, शेण कसं टाकतं. मगच पिशवी उघडायची. मी एकोणऐंशी साली पदवी घेऊन आलो आणि मला हा अर्धा तास फारच गावंढळ वाटला. (पदवी नवी असली की माणूस फार घाईत असतो!) आल्याआल्या मी दोन कामं केली. माझ्या एकट्याच्या नावाची पाटी लावली आणि पायात येतो म्हणून बाबांचा पाट आत नेऊन ठेवला.

पहिल्या दिवशी ओसरीसमोर अर्धा गाव जमला. मला पाहायला! जनावर मात्र कोणीच पुढे करेना. तेव्हा बाबा गोठ्यातून आमची म्हैस शेवंती सोडून घेऊन आले. तिची आई तिला जन्म देतानाच गेली होती. बाबांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. धार काढायला बसावं तर बाबांनीच, दुसरा कोणी बसला की लाथ. त्या दिवसांत ती आटली होती, पण लाथ शाबूत होती.

"हिले पाह्य बरं," बाबा म्हणाले. "गाभण आहे का नाही ते सांग."

मी रबरी हातमोजा चढवला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. (डोळे मिटले की विद्वान दिसतो, असा माझा समज होता.) खरं सांगतो, मला काही म्हणता काही लागत नव्हतं. शेवंती सरकत होती, मी तिच्यामागे सरकत होतो, लोक हसत होते आणि हाताला मुंग्या आल्या होत्या.

"रिकामी आहे!" मी जाहीर करून टाकलं.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी शेवंतीकडे पाहिलं, बराच वेळ.

"डॉक्टर म्हणते रिकामी आहे, त रिकामी आहे," ते म्हणाले आणि तिला गोठ्यात घेऊन गेले.

बाबांनीच मान्य केलं म्हटल्यावर लोकांनी धडाधड आपापली जनावरं पुढे केली. रात्रीपर्यंत माझी छाती दोन इंच फुगलेली होती.

घरात तान्ही मुलगी होती, दूध हवं होतं आणि माझ्या निदानाप्रमाणे शेवंती काही व्यायची नव्हती. एकोडीहून सासरे आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. ते म्हणाले, "आमची दुभती गाय नातीले ठेवा, म्हस आमाले द्या. आमच्या घरी चाऱ्याले धानाचं तणीस ढीगभर पडून आहे."

"बाबा, करू का अदलाबदल?" मी विचारलं.

"तुले काय वाटते?"

"रिकाम्या म्हशीले बसून काहून खाऊ घालाचं?"

बाबांनी दोर स्वतःच धरला आणि शेवंतीला पायी एकोडीला पोचवून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, तर मी त्यांना अपचनाची गोळी दिली! (माणसांची दिली, एवढं तरी जमलं.)

दोन महिन्यांनी मामाजींचा निरोप आला. "जावईबापू, म्हशीचं पोट वाढून राहिलं."

मी कळवलं, वायू आहे. चूर्णाच्या पुड्या पाठवल्या. पोट वाढतच राहिलं.

"मले त हे गाभण दिसते बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या.

"तू डाक्टर आहेस का?" मामाजी कडाडले. "जावयानं हात घालून पाह्यलं. तू पाह्यलं का?"

जावयाला खोटं कोण पाडणार! सारी एकोडी शेवंतीचं पोट पाहत होती आणि जावयाचा मान राखत होती. मी पुड्या दुप्पट केल्या आणि वर हुकूम सोडला, चारा कमी करा. हे आठवलं की अजून मान खाली जाते. गाभण जनावराच्या तोंडचा घास मी तोडला. (सासूबाई माझं न ऐकता तिला गुपचूप सरकीची ढेप चारत होत्या, म्हणून निभावलं.)

बाबा मात्र दर आठवड्याला सायकलवर टांग टाकून एकोडीला जायचे. "इवायाले भेटून येतो," म्हणायचे. मला वाटायचं, व्याह्याव्याह्यांचं काय जमलंय! ते घरात शिरायचेच नाहीत, सरळ गोठ्यात जाऊन बसायचे, हे मला फार उशिरा कळलं.

आणि एका सकाळी भरल्या दवाखान्यात मामाजी डबा घेऊन हजर झाले.

"तोंड गोड करा, जावईबापू," ते हात जोडून, अत्यंत आदराने म्हणाले. "तुमचा वायू बाहेर आला. चार पायाचा आहे!"

डब्यात खरवस होता. ओसरी हसून लोटपोट झाली. एकटे बाबा हसले नाहीत.

"म्हस कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बेस आहे, इवाई. नर झाला, हल्या."

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुसायचे होते ते डोळेच.

लोक गेल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं?"

"पाच महिन्याची गाभण होती. तू घरी याच्या आंधीच मले माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"पह्यल्याच दिवशी मी तुले लोकायपुढं खोटं पाडलं असतं, त कोनं तुह्या हातात शेळी तरी देली असती का?"

शेवंतीला परत आणू, असं मी म्हणून पाहिलं. "देल्लं जनावर दूध पाहून वापस मांगतेत का?" बाबा म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला. मी पाट पुन्हा ओसरीवर आणून टाकला. तेव्हापासून आधी अर्धा तास पाहतो, मग हात लावतो. बाबा त्या पाटावर पुढे तीनच वर्षं बसले. पाटीवर त्यांचं नाव घालायचं होतं. उद्या घालू, उद्या घालू, करत ते राहूनच गेलं.

मामाजींनी त्या हल्याचं नाव ठेवलं 'डॉक्टर'. (हा माझा सन्मान होता, असं ते शेवटपर्यंत म्हणत!) एकोडीच्या अंगणात कोणी "ए डॉक्टर, चाल पानी प्याले" म्हटलं की आम्ही दोघंही वळून पाहायचो. गोठ्यात बसलेले बाबा मात्र त्याच्याच पाठीवरून हात फिरवायचे. माझी तक्रार नाही. आम्हा दोघांत बाबांचं निदान खरं करून दाखवणारा डॉक्टर तोच होता!