न पेटवलेली अगरबत्ती

पोथी वाचणारी माणसं मी पाहिली, पेपर वाचणारी पाहिली, शेजारच्याच्या पेपरात मान घालून वाचणारी तर पुष्कळच पाहिली; पण केवळ नियम वाचण्यासाठी ज्याला जन्माला घातलं असावं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान. ते शांती नगरला, आम्ही सिल्व्हर पार्कला. मधलं अंतर पंधरा मिनिटांचं. त्यांच्याबरोबर निघालात तर पाऊण तासाचं, कारण वाटेतल्या पाट्या. गाडी लावू नये, फुलं तोडू नयेत, येथे थुंकू नये, सगळ्या रोजच्या पाहिलेल्या, तरी थांबून वाचायच्या. "मजकूर बदललेला असतो कधी कधी," असं त्यांचं म्हणणं. तापाच्या गोळ्या आणल्या की खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद, ज्याला डॉक्टरही हात लावत नसावेत, ते भिंग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि पुन्हा त्याच घड्यांवर मिटून खोक्यात ठेवतात. ती घडी परत जमवू शकणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती, चारशे आठ किलो' अशी पाटी आहे. सातवा माणूस आत शिरला की साडू अदबीने हात जोडायचे आणि पाटीकडे बोट दाखवायचे. बहुतेक जण कुरकुरत का होईना उतरायचे. एकदा वरच्या मजल्यावरचे शेठ सहावेच चढले. आता नियमाप्रमाणे काही बोलायला जागा नव्हती, पण शेठचा देह मोठा. साडूंनी त्यांच्याकडे एकदा आणि पाटीकडे एकदा पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "सेठ, आपका वजन कितना होगा?" शेठ भला माणूस. "काका, मेरे को अकेले को दो गिनो," म्हणाले आणि उतरून गेले. ताई वैतागून सांगायची की लग्नात अंतरपाट धरला तेव्हा त्यावरही काही लिहिलंय का ते यांनी आधी पाहून घेतलं होतं. आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. रसायनांच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं सुरक्षा विभागात काढलेली होती त्यांनी. हसून झालं की एवढंच म्हणायचे, "पाटी उगाच लागत नाही, साडूभाऊ. पाटीच्या आधी कुणीतरी भाजलेला असतो."

इथपर्यंतचं मी लग्नकार्यांत अनेकदा सांगितलं आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. पुढचं, जसं घडलं तसं, मी आजवर तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही.

साडूंना साठ पूर्ण झाली तेव्हा दोघी बहिणींनी क्रूझचा बेत काढला. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत. आम्ही कपड्यांच्या चर्चेत, तर साडूंनी क्रूझ कंपनीच्या साइटवरचे नियम कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले, त्याला स्पायरल बाइंडिंग केलं आणि एका रविवारी पोह्यांच्या बशा हातात देऊन आमची परीक्षा घेतली. इस्त्री नेता येते का? नाही. मेणबत्ती, धूप, अगरबत्ती पेटवता येते? नाही, जहाजावर उघडी ज्योत म्हणजे गुन्हा. बाल्कनीतून समुद्रात काही टाकता येतं का? काहीही नाही, शेंगदाण्याचं सालसुद्धा नाही. मग त्यांनी विचारलं, सिगरेट कुठे ओढता येते? मी पटकन बोलून गेलो, "सातव्या मजल्यावर, डाव्या बाजूला, मागच्या उघड्या भागात. इ-सिगरेट तर आणायचीच नाही." साडू केवढे खूश झाले. "बघा, साडूभाऊ ओढत नाहीत, तरी वाचतात," असं ताईला म्हणाले. हिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी पोह्यांतली मिरची शोधत बसलो.

कारण मी ओढत होतो. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या छातीत स्टेंट बसली होती. हॉस्पिटलमध्ये मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली होती, आणि हिने ती खरी मानली होती. सिगरेट सोडली हे खरंच. पण ऑफिसातल्या एकाने दुबईहून ते पेनासारखं इ-सिगरेटचं यंत्र आणून दिलं आणि मी स्वतःची समजूत घातली की ही काही सिगरेट नव्हे. धूर नाही, राख नाही, वर गुलाबाचा वास. हिला तो वास आला की मी ऑफिसातल्या रूम फ्रेशनरवर ढकलायचो. जहाजावर चढताना ते पेन माझ्या दाढीच्या सामानात, टूथब्रशच्या डबीत होतं.

दोघी बहिणींना किती वर्षांनी एकत्र राहायला मिळणार, म्हणून बाल्कनीची केबिन त्यांनी घेतली आणि समोरची, बिनखिडकीची, आम्हा साडूंना दिली. आता वाटतं, त्या सातव्या मजल्यावर जाऊन साधी सिगरेट ओढली असती तरी चाललं असतं. पण ती जागा उघड्यावर, आणि पलीकडेच चहाचं काउंटर, जिथे दोघी तासन्‌तास बसायच्या. नियमाने ओढायचं तर बायकोच्या समोर ओढायला लागणार होतं. एवढी हिंमत असती तर नियम मोडायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी साडूंच्या आईची तिथी होती. दिवेलागणीला त्यांनी टेबलावर आईचा छोटा फोटो ठेवला, पेल्यात एक अगरबत्ती उभी केली, न पेटवता, आणि मोबाइलची बॅटरी लावून तीच निरांजनासारखी ओवाळली. मला हसू आलं. तेही ओशाळून म्हणाले, "आईला सांगितलंय मी, इथे नियम आहे म्हणून. ती समजून घेईल." मग डोळे मिटून बसले. मी बाथरूममध्ये गेलो, आणि एक झुरका, मग दुसरा असं करता करता भान राहिलं नाही. दार उघडलं, तो सगळा गुलाबाच्या वासाचा ढग माझ्याबरोबर बाहेर आला आणि छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं.

मिनिटभरात दारात पांढऱ्या गणवेशातला अधिकारी उभा, त्याच्यामागे केबिनचा सेवक, आणि त्यांच्याही मागे समोरच्या केबिनमधून धावत आलेल्या आमच्या दोघी. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "सर, यहाँ स्मोक किसने किया?" पेन माझ्या लेंग्याच्या खिशात होतं आणि अजून कोमट होतं. हिची नजर माझ्यावर. मी टेबलाकडे बोट केलं.

"अगरबत्ती," मी म्हणालो. "इन्होंने लगायी थी. माँ की तिथि है ना."

पेल्यात ती अगरबत्ती उभी होती. काळी, अख्खी, टोकापर्यंत शाबूत. खाली राखेचा कण नाही. आंधळ्यालाही दिसलं असतं. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. साडू उठले. फोटो आणि पेला यांच्यापुढे असे उभे राहिले की मागचं काही दिसू नये, आणि म्हणाले, "हाँ जी. मैंने जलायी थी. वो फेंक दी, ये दूसरी है."

सबंध आयुष्यात सातव्या माणसाला लिफ्टमध्ये न घेणारा तो माणूस, आईच्या फोटोपुढे उभा राहून खोटं बोलला. अधिकाऱ्याने फॉर्म पुढे केला. साडूंनी तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आम्ही सगळे ताटकळत उभे. मग एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "आपने स्मोकिंग पे टिक किया है. अगरबत्ती उघडी ज्योत में आती है, ओपन फ्लेम में. वो सही कर लीजिए." ते दुरुस्त झाल्यावर त्यांनी सही केली. दंड लागला, लेखी ताकीद मिळाली. ताई दारातच म्हणाली, "जगाला नियम शिकवता आणि स्वतः जहाजात काडी ओढता? शोभतं का या वयात?" त्यांनी मान खाली घातली.

सगळे गेल्यावर मला वाटलं, आता हे बोलतील. त्यांनी फोटो रुमालात गुंडाळला, अगरबत्ती पुड्यात परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, ते समुद्रात टाकू नका. तोही नियम आहे. बॅटरी असते त्यात."

परत आल्यावर ती गोष्ट नातेवाइकांत पसरली. पसरली म्हणजे काय, एका साखरपुड्यात ती मीच सांगितली, रंगवून. दुसऱ्या कुणी सांगितली तर नीट सांगणार नाही, अशी भीती होती. हशा झाला. साडूही कोपऱ्यात खुर्चीवर बसून हसले. त्यानंतर त्यांचं पाट्या वाचणं थांबलं. भांडून नाही, रुसून नाही, नुसतं थांबलं. शांती नगर ते सिल्व्हर पार्क हा रस्ता ते पंधरा मिनिटांत चालू लागले. ताई म्हणाली, "चला, एकदाचे सुधारले." त्यांच्या लिफ्टमध्ये एकदा आठ जण चढले होते. मीही होतो. साडू आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

यंदा त्यांच्या आईची तिथी जवळ आली तशी मला झोप लागेना. शेवटी मी त्यांना गाठलं आणि म्हणालो, घरी सगळं सांगून टाकतो. ते म्हणाले, "तोंडी नको. तोंडी सांगाल तर निम्मं गाळाल. लिहा." म्हणून मी दोन पानं लिहिली, ते दुबईचं पेन त्यावर ठेवलं आणि हिच्या पुढ्यात सरकवलं. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिथी. हिने खिरीचा डबा भरला आणि "चला" एवढंच म्हणाली. ताईकडे गेल्यावर दोघी बहिणी आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा ताईचे डोळे लाल होते आणि तिने साडूंच्या पानात आणखी एक वाटी खीर वाढली, न विचारता. माझ्या पानाकडे कुणी पाहिलं नाही, ते बरोबरच होतं.

निघताना ती दोघं आम्हाला सोडायला खाली यायला निघाली. लिफ्टमध्ये आम्ही चौघं. खालच्या मजल्यावर एक कुटुंब चढलं, नवराबायको आणि त्यांची म्हातारी. साडू चपलांकडे बघत होते. दार अजून लागायचं होतं. तेवढ्यात ही म्हणाली, "भाऊजी, या लिफ्टमध्ये किती माणसं चालतात हो?"

त्यांना पाटी पाठ होती. तरी त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, पाटीकडे पाहिलं. "सहा," ते म्हणाले. इतक्या हळू, की हा शब्द उच्चारायचा आपल्याला अजून हक्क आहे का, हे जणू विचारत होते.

मी बाहेर आलो. दार लागलं आणि लिफ्ट खाली गेली. मी जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी उंबऱ्याशी अगरबत्ती जळत होती, अर्धी झालेली, राख वाकून पडायला आलेली. तिथे मी जरा थांबलो. भिंतीवर कसलीशी पाटी होती. ती पूर्ण वाचली, मगच पुढे उतरलो.