लँडमास्टर

मिटमिटा गाव मागं पडलं तसं उजाडायला लागलं होतं, आणि मनकर्णाबाई तोवर तीनदा थांबल्या होत्या. थकल्या म्हणून नाही. एकदा जुनी जीप गेली म्हणून, एकदा दोन दारांची हेरल्ड एका ढाब्यामागं विटांवर उभी दिसली म्हणून, आणि एकदा काहीच न दिसता, "थांब, फियाट येतीय" म्हणून. फियाट आली. आत पाच माणसं होती आणि एक बोकड.

मार्गशीर्षातला शनिवार होता. खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जायचं माझं बोललेलं होतं, आणि सोबत म्हणून मनकर्णाबाई, म्हणजे आमच्या अक्का, निघाल्या. देवाचं त्यांना वावडं नव्हतं, पण त्या रस्त्याला जुन्या गाड्या फार, हे त्यांनी निघायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

पदमपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मनकर्णाबाईंचं माहेर देवगाव रंगारी. निजामावर पोलीस ॲक्शन झाली आणि गावचा जहागीरदार निघून गेला, त्याची ब्यूक मागं राहिली. पुढं तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. अंडी गोळा करायचं काम लहान मनकर्णाकडं. त्या सांगायच्या, "माय, तसली गादी मी पुन्हा बघितली नाय. कोंबडीसुद्धा उठायला बघायची नाय."

लग्न होऊन शहरात आल्या आणि पुढं कमरोद्दीनच्या दुकानासाठी मोटारीच्या सीटांची कव्हरं घरी शिवायला लागल्या. माप घ्यायला गाडी दारात यायची. अशी तीस वर्षं आमच्या गल्लीत गाड्या आल्या आणि अक्कांना साल तारखेनं नाही, गाडीनं आठवायला लागलं. जाळी बारीक झाली, म्हणजे अँबेसेडरची मार्क टू निघाली, त्या साली त्यांचं लग्न. फियाटची पद्मिनी झाली त्या साली सासू वारली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या थोरल्याचा जन्मसुद्धा अक्का मार्क थ्रीवरूनच सांगतात, आणि बरोबर सांगतात.

त्यांचा मुलगा काकासाहेब पुण्याला असतो. लहानपणी मायलेकांचा एक खेळ होता. ओट्यावर बसायचं, गाडी दिसली की त्यानं विचारायचं, "आई, ही कोणती?" आणि अक्कांनी साल सांगायचं. आता त्याचे केस पिकले तरी आला की ओट्यावर बसून विचारतो. मागल्या दिवाळीला तो मला म्हणाला, "काकू, आई साल बरोबर सांगती तोवर मला घोर नाही. ज्या दिवशी चुकंल त्या दिवशी पुण्याला नेणार." पुण्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. अक्का एकदा राहून आल्या होत्या. "वरून गाड्यांची नुसती टपं दिसत्यात," एवढंच त्यांचं पुण्याबद्दलचं मत.

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच गाडी. त्यामुळं दोन्हीकडं रांग लागते, आणि अक्कांच्या मते सरकारनं लोकांसाठी केलेली ही एकच सोय. त्या दरवाजाच्या अलीकडं दगडावर बसल्या. मी पिशवीतनं भाकरी काढली.

"ती बघ," त्या एकदम म्हणाल्या. "लँडमास्टर! अशी आता कुठं ऱ्हायलीय? अँबेसेडरच्या अन् माझ्या लग्नाच्याही आधलं मॉडेल."

मी पाहिलं. पांढरी, पोट सुटलेली गाडी होती. पुढून सगळी झेंडूनं झाकलेली, मागं नवरदेव. मला अशी कुठलीही गाडी नवरदेवाचीच वाटते. अक्का उठून रांगेत शिरल्या आणि खिडकीपाशी वाकल्या.

"बाबा, लँडमास्टर अजून रस्त्यावर ठेवली, लई पुण्य लागंल तुला."

ड्रायव्हरनं आधी नवरदेवाकडं पाहिलं, मग अक्कांकडं. "अम्मा, ये अँबेसेडर है. अठ्ठ्याण्णव का मॉडल. लँडमास्टर तो हमारे दादा के जमाने में भंगार में गई."

मागून नवरदेवाचा मामा म्हणाला, "आजीबाई, नवरदेवाचं साल विचारू नका म्हणजे झालं." गाडीत सगळे हसले. नवरदेव हसला नाही. दरवाजा मोकळा झाला आणि गाडी पुढं गेली.

अक्का म्हणाल्या, "फुलं लई घातली होती." मी म्हटलं, हो. भाकरी परत बांधली.

घाट लागला. तीन गाड्या वर गेल्या, त्यातली एक तर माझ्यासुद्धा लक्षात यावी इतकी जुनी होती, तरी अक्का थांबल्या नाहीत. चढ संपल्यावर पेरूवालीच्या सावलीला टेकलो. मी पेरूला मीठ लावून दिलं. त्यांनी हात पुढं केला तो पेरूच्या बाजूला गेला. मग त्यांनी हातानंच चाचपून पेरू घेतला.

"अक्का, कधीपासून?"

"गणपतीपासून. घाटीच्या दवाखान्यात दाखवलं. डाक्तर काचबिंदू म्हणला. गेलं ते गेलं, ऱ्हायलं ते थेंबांनी टिकवायचं. कडंकडंचं दिसत नाय. मधलं दिसतंय, तेबी धुकट."

"मग ती सकाळची फियाट?"

"ती ऐकली."

"आणि हेरल्ड?"

"ती आठ वर्षं झाली तिथंच उभीय."

मी देवाचं नाव घेतलं. म्हटलं, "काकासाहेबांना सांगा. पोटचं पोर आहे, रागावणार नाही."

"रागावला तर बरं. तो रागावत नाय, सामान बांधतो." त्यांनी पेरूचा देठ बाजूला ठेवून हात पदराला पुसले. "थेंब घालाया मला येतंय. भाकर येतीय. दळण येतंय. नुस्त्या गाड्या येईनात."

"अक्का, मारुतीच्या वाटेवर मला खोटं बोलायला लावू नका."

"खोटं कोण बोल म्हणतंय? मॉडेल तू शिकू नको, तुला जन्मात यायचं नाय. संक्रांतीला तो येईल, ओट्यावर बसंल. तू तिळगूळ घेऊन ये अन् माझ्या शेजारी बस. गाडी आली की रंग सांग. दारं किती ते सांग. अन् फुलंबिलं घातली असली तर तेवढं आधी सांग. साल मी सांगते."