रबरावरचा पाय

मसिकाच्या नवऱ्याचा, मुहिंदोचा, गुडघा कामातून गेला आणि त्याचा चुकुडू भिंतीला टेकून बसला. दोन लाकडी चाकं, एक जाड फळी, बैलाच्या शिंगांसारखी मूठ आणि ब्रेक म्हणून मागच्या चाकावर पायाने दाबायचा टायरचा तुकडा. गाडी म्हणजे एवढीच. पण किबुंबा गावचे बटाटे उतारावरून गोमा शहराच्या बाजारात न्यायला तिच्याशिवाय चालत नाही. आता ती आपण चालवायची, असं मसिकाने ठरवलं.

चुकुडूवाल्यांच्या संघटनेचे प्रमुख पालुकूबाबा तिचं ऐकून हसले नाहीत. भरलेली खेप एकटीने धड उतरव, मग संघटनेच्या यादीत तुझं नाव घालतो, एवढंच म्हणाले.

पहिल्या खेपेला तिने रबरावरचा पाय उचललाच नाही. दाबून धरलं की गाडी ताब्यात, असा तिचा समज. अर्ध्या उतारावर रबरातून धूर निघाला, वळणावर ते पकडेना, आणि पोती लाव्हाच्या काळ्या दगडांवर फुटली. मागून येणारे चुकुडूवाले थांबले.

"वहिनी, बटाटे भाजूनच आणलेत की!"

घरी मुहिंदोने फर्मावलं, आता बास, हा माझा हुकूम समज.

"हुकूम आधी गुडघ्याला सोड," ती म्हणाली. "वाकतो का बघ."

मुहिंदोला हसू आवरेना. मग तोच म्हणाला, "अगं, तू भीतीने दाबतेस. सरळ रस्त्यावर पळू दे तिला. वळणाच्या आधी दाब, वळणात नको. ऐन वेळी ऐकायला रबरात जीव उरायला हवा."

नवं रबर ठोकून ती पुन्हा निघाली. गाडीने वेग घेतला, कानात वारं शिरलं, पाय खाली जायला शिवशिवत होता. तिने तो अधांतरी धरला. वळण दिसताच दाबला, सोडला. गाडी मुकाट वळली. मागच्या खेपेला तिने गाडीला नुसतं अडवलं होतं. चालवत होती ती आज.

उतार संपायच्या आत पालुकूबाबा रस्त्याकडेला हात वर करून उभे दिसले. थांब, अशी खूण. मसिका त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली आणि बाजाराच्या तोंडाशी अलगद थांबली.

बाबा धापा टाकत आले. "मी हात केला होता."

"दिसला, बाबा. मागे ट्रक होता. थांबले असते तर तुमचा मान राहिला असता, बटाटे नसते राहिले."

त्यांनी वाकून रबराला अंगठा लावून पाहिला. ते नुसतं कोमट होतं.

"नाव काय घालू? मुहिंदोची बायको?"

"मसिका," ती म्हणाली आणि पोती सोडायला लागली.