घोडेगावचा नंबर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या भालेरावांना तर नाहीच. ते मागच्या महिन्यात गेले. ते गेले आणि मी लिहायला बसलो — हे किती वाईट दिसतं, ते मला कळतं. माणूस गेल्यावरच धीर आला का? हो. तसंच झालं आहे.

ओतूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. शांत, वाचणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात — माझ्याबद्दल लोक असंच बोलतात. मी गप्प असतो, त्याला ते साधेपणा म्हणतात. मीही त्यांना तसं म्हणू दिलं आहे.

गोष्ट वीस वर्षांहून जुनी आहे. ग्रंथालयाच्या याद्या करायला म्हणून मी कॉम्प्युटर शिकलो, आणि शिकलेला मी एकटाच, म्हणून ऑफिसातली सगळी यंत्रंही माझ्याच गळ्यात आली. मला ते आवडलं, हे कबूल करतो. सहा कॉम्प्युटर एका तारेनं एकमेकांना जोडलेले होते. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या ओतूरबाहेर चार शाखा — जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव. प्रत्येक शाखेत एक कॉम्प्युटर. तो आमच्या सहांशी जोडायचा, तर मधे डोंगर, नद्या आणि एसटीचा दोन तासांचा रस्ता. मग संस्थेनं डिजिटल फोनलाईन घेतल्या. आयएसडीएन म्हणत. फोनच्याच तारेवरून जाणारी, पण कॉम्प्युटरची भाषा थेट वाहून नेणारी लाईन. ती लागली की घोडेगावचा कॉम्प्युटर जणू आमच्याच खोलीत सातवा म्हणून येऊन बसे. तिथे टाइप केलेलं नाव इथल्या यादीत उमटे. आज याचं कोणाला काय वाटणार? पण पहिल्यांदा ते नाव उमटलं तेव्हा शिपाई गेनबानं यंत्राला हळद-कुंकू लावलं होतं.

एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. बाहेरच्या कोणी आमच्या यादीत शिरू नये म्हणून मी एक पद्धत बसवली होती. शाखेनं आम्हाला फोन लावायचा. आमचं यंत्र शाखेचं नाव ओळखून तो फोन लगेच तोडायचं, आणि आपल्याजवळ लिहून ठेवलेल्या त्या शाखेच्या नंबरावर स्वतः उलट फोन करायचं. तो लागला की जोडणी झाली. म्हणजे शाखेतल्या माणसाचं काम एवढंच — लावा, तुटू द्या, वाट बघा. चार शाखांचे चार नंबर त्या यंत्रात मी भरलेले होते. पासवर्ड माझ्याकडे. दुसऱ्या कोणाला तो ठाऊक नव्हता, आणि याचाही मला अभिमान होता.

घोडेगावच्या शाखेत यशवंत भालेराव होते. क्लार्क. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं बारीक, अक्षर मोत्यासारखं. टायपिंग ते शाळेच्या वयातच शिकले होते. कॉम्प्युटर माझ्याकडून शिकले. चारही शाखांत एवढ्या मनापासून कोणी शिकलं नाही. यंत्राजवळ ते एक वही ठेवत. किती वाजता लावलं, किती वाजता लागलं, काय पाठवलं — सगळं तिच्यात. नारायणगावचा क्लार्क त्यांची थट्टा करी, "भालेराव, शिंकलात तरी लिव्हून ठिवता का हो?" ते हसत आणि लिहीत.

मग सगळ्या फोननंबरांच्या आधी दोनचा आकडा लावायचा, असा बदल आला. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. एका ठरलेल्या दिवसापासून जुना नंबर बंद. मी त्या दिवशी सकाळी यंत्र उघडलं. जुन्नरपुढे दोन लावला. नारायणगावपुढे लावला. मंचरपुढे लावला. तेवढ्यात चहाची हाक आली आणि —

नाही. चहाची हाक आली नव्हती. इतकी वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो. माझ्या टेबलावर एक कादंबरी उघडी होती, तिची शेवटची वीस पानं राहिली होती, आणि मला ती वाचायची होती. चौथा नंबर नंतर करू म्हणून मी यंत्र बंद केलं, आणि कादंबरी संपेपर्यंत चौथा नंबर विसरून गेलो.

तो आठवडा परीक्षेच्या अर्जांचा होता. घोडेगावचे बहुतेक अर्ज आधीच आले होते. राहिले होते पाच. तळेघरकडची मुलं, भातलावणीला घरी गेली होती, ती उशिरा परतली. वाढीव मुदतही शुक्रवारी संपत होती. आमचा माणूस शुक्रवारी दुपारी तीनच्या गाडीनं सगळे अर्ज घेऊन पुण्याला जाणार होता.

मंगळवारी भालेरावांचा फोन आला. "सर, लागतोय अन् तुटतोय. पण उलटा काय येतच न्हाई." मी म्हणालो, लाईन भरलेली असेल, थोड्या वेळानं करा. बुधवारी पुन्हा. गुरुवारी तीनदा. गेनबानं फोन उचलला की तिकडे म्हणे, "काय भालेराव, यंत्र रुसलं व्हय तुमच्यावर? नारळ फोडा राव एखादा." आम्ही हसायचो. मी एकदाही ती नंबरांची यादी उघडून पाहिली नाही. माझ्या बाजूनं काही चुकलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. का आलं नाही? जुन्नरचं लागत होतं, मंचरचं लागत होतं. मग बिघाड घोडेगावातच, भालेरावांच्याच हातात. हे मी तपासून ठरवलं नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी दहाला ते म्हणाले, "मी येष्टीनं निघू का? फ्लॉपीत घेतो पाची अर्ज. एकपत्तुर पोचतो." मी म्हणालो, "येऊ नका. फ्लॉपी घेऊन पळायचं, तर मग एवढं सगळं बसवलं कशाला? लागेल. थांबा." माझ्या व्यवस्थेची लाज राखायची होती मला. ते थांबले. मी सांगितलं म्हणून थांबले.

तीनची गाडी गेली. साडेपाचच्या सुमारास ऑफिस रिकामं झालं, आणि कशानं कोण जाणे, मी यंत्र उघडलं. चार नंबर एकाखाली एक. तीन लांब, एक आखूड. बघताक्षणी कळलं. खाली यंत्रानं स्वतः केलेल्या नोंदी होत्या — घोडेगावहून फोन आला, तोडला, उलट फोन केला, असा नंबर नाही. घोडेगावहून फोन आला, तोडला, असा नंबर नाही. मंगळवारपासून, पडदाभर.

आता ऐका, कारण चूक इथपर्यंतच होती. विसरणं ही चूक. इथून पुढचं मी विसरून केलेलं नाही.

मी घोडेगावपुढे दोन लावला. जपून ठेवला. ते यंत्र बंद करून चालू केलं की जुन्या नोंदी पुसल्या जातात, हे मला माहीत होतं. मी बटण बंद केलं. मनात दहापर्यंत आकडे मोजले. चालू केलं. नोंदींची जागा कोरी झाली होती. मग मी घोडेगावला फोन केला — ते अजून तिथेच बसलेले होते — आणि म्हणालो, "आता करून बघा." पहिल्याच वेळेला लागलं. "लागलं सर! लागलं!" ते ओरडले. लहान मुलासारखे. पाच अर्ज एकामागून एक आमच्या यादीत उमटले. मी ते उमटताना बघत उभा होतो.

सोमवारी मोठ्या सरांनी, म्हणजे प्राचार्यांनी, भालेरावांना बोलावून घेतलं. पाच मुलांची परीक्षा हुकली होती. मोठे सर वाईट नव्हते, चिडलेले होते. भालेरावांनी वही पुढे ठेवली. मंगळवार, दहा वीस — लावला, तुटला, उलट आला नाही. अशी चार पानं. मोठ्या सरांनी ती उलटून पाहिली आणि म्हणाले, "सगळं एका शाईत, एका अक्षरात. हे रविवारी घरी बसून लिहिलेलं नाही कशावरून?" खोलीतल्या कोणालाच तो प्रश्न अवघड वाटला नाही. कोणी उच्चारलं नाही, पण ते सगळ्यांच्या जिभेवर होतं — त्यांची वस्ती, त्यांची जात, राखीव जागेवरची त्यांची नेमणूक. आमचं घर ओतुरातलं जुनं, शेतीवाडीचं. माझ्याकडे वही असती, तर ती कोणी अशी उलटून पाहिली नसती. हे मला तेव्हाही समजत होतं. मी त्याचा उपयोग करून घेतला.

मोठे सर माझ्याकडे वळले. "तुमच्या यंत्रात या फोनांची काही नोंद आहे का?"

मी म्हणालो, "नाही. यंत्रात तशी नोंद नाही."

एवढंच. अक्षर न अक्षर खरं होतं ते. घरी जाताना मी स्वतःला तेच सांगत होतो — मी खोटं बोललो नाही. माझ्याइतकं शिकलेला माणूस अशीच वाक्यं बनवतो.

भालेरावांनी माझ्याकडे पाहिलं. एसटीनं येऊ का म्हणून त्यांनी विचारलं होतं आणि मी नको म्हणालो होतो, हे त्यांना तिथे सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. मला वाचवायला? की सांगून उपयोग नाही हे ठाऊक होतं म्हणून? मी कधी विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "सर, तुमच्या बाजूनं काय ऱ्हायलं न्हवतं ना?"

"नाही."

"मग माझंच कायतरी चुकलं आसंल," ते म्हणाले.

त्यांना कॉम्प्युटरवरून काढलं आणि संस्थेच्या तळेघरच्या वसतिगृहात कोठीवर टाकलं. तांदूळ, डाळ, कांदे. अकरा वर्षं ते तिथे होते. पाच मुलांपैकी चौघांनी पुढच्या खेपेला परीक्षा दिली, एका मुलीनं दिली नाही. ती कुठे आहे, मी शोधलं नाही. शोधायचं तर तिचं नाव विचारावं लागलं असतं.

आणि तरी — हे सगळ्यात अवघड — आम्ही मित्र झालो. बाजारच्या दिवशी ते ओतूरला येत, ग्रंथालयात डोकावत, दोन पुस्तकं नेत. मी त्यांच्यासाठी पुस्तकं काढून ठेवू लागलो. प्रायश्चित्त म्हणून सुरू केलं असेल; पुढे मी त्यांची वाट पाहू लागलो. माझ्याइतकं वाचणारा दुसरा माणूस मला या भागात भेटला नाही. माझ्या आईच्या आजारपणात ते शिनोलीच्या कोण्या वैद्याकडून काढा घेऊन दोन गाड्या बदलून आले होते. कितीदा वाटलं, आज सांगावं. वाटलं आणि मी पुस्तकांबद्दल बोललो. मैत्री जितकी वाढली तितकं सांगणं महाग झालं. सांगितलं असतं, तर मला मित्र राहिला नसता. म्हणजे तेव्हाही मी माझाच विचार केला.

त्यांच्या शोकसभेला मी गेलो होतो. बुद्धवंदना झाली. मग त्यांची मुलगी बोलायला उठली. शिक्षिका आहे ती. ती म्हणाली, बाबांनी आम्हाला कधी मारलं नाही, उपदेश केला नाही. फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ते म्हणायचे, माझ्या हातून एकदा एक चूक झाली होती, पाच पोरांचं नुकसान झालं. ती कशी झाली ते मला अजून समजलेलं नाही, पण यंत्र ठीक होतं, सर जाणकार होते, तेव्हा ती माझीच. चूक आपली असली की आपली म्हणायची, बाळा. — एवढं बोलून ती थांबली. समोर बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

मग तिनं माझं नाव घेतलं. बाबांचे गुरू आणि जिवाभावाचे मित्र, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मी उठलो. तिच्या हातून माईक घेतला. चूक त्यांची नव्हती, माझी होती — एवढे पाच शब्द होते. मी भालेरावांच्या प्रामाणिकपणावर दहा मिनिटं बोललो. खाली बसलो तेव्हा शेजारचे गृहस्थ माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "लई चांगलं बोलला सर तुमी."