रोडग्यांची राखण

परवा गच्चीवर गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजायला घेतले आणि फुशारक्या मारता मारता सगळे जाळले. त्या धुरानं मला कितीतरी वर्षांपूर्वी ज्ञानगंगेच्या जंगलात ठोकलेल्या आमच्या तंबूपाशी नेलं. दिवाळी नुकतीच झालेली, डोंगरावरचं गवत पिवळं पडलेलं. उद्या डोंगरापलीकडे कोण कोण जाणार, हे मी पुढारी होऊन ठरवत होतो. पायानं अधू असलेला माझा मेहुणा बाळू नवे बूट घालूनच बसला होता.

"अन् मी?" त्यानं विचारलं.

"तू काऊन येतं बे? तुह्यासंगं चाललो तं पोहोचेपर्यंत होळी येईन. तू रोडगे राख!"

सगळे खदखदून हसले. बाळूही हसला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. काय विनोद केला, असं तेव्हा मला वाटलं.

तंबूत बायको एवढंच म्हणाली, "मीच त्याले सांगतलं होतं, हे तुले हळूहळू नेतीन म्हणून."